व्हॅटिकन मिशनरी प्रदर्शन

जगभरच्या कॅथलिक मिशनांकडून आलेल्या वस्तूंचे, १९२५ च्या पवित्र वर्षात व्हॅटिकनमध्ये भरलेले प्रदर्शन. अकरावे पायस (पहा : पोप) यांच्या पुढाकाराने सुमारे १ लाख वस्तू जमल्या. मूर्ती, मुखवटे, हत्यारे यांच्याबरोबर मिशनांचे नकाशे व वैद्यक विभागही होता. हेतू उघडच धर्मप्रसाराचा. कॅनडातील इनुव्हिअल्युइट लोकांची, बेलुगा देवमाशांच्या शिकारीसाठी वापरली जाणारी, लाकडी सांगाड्यावर सीलचे कातडे ताणून बसविलेली कयाक (होडी) प्रदर्शनातील वस्तूंपैकीच. सुमारे ४०,००० वस्तू राखून १९२६ मध्ये लॅटरन प्रासादात संग्रहालय स्थापन झाले. व्हिल्हेल्म श्मिट (पहा : मानवशास्त्र) पहिले संचालक. १९७० च्या दशकात संग्रहालय व्हॅटिकनमध्ये आले. वस्तू पोपना भेट म्हणून नोंदलेल्या असल्या, तरी त्यांवरील मालकी वादग्रस्त ठरली. २०२५ मध्ये पोप चौदावे लिओ यांनी या संग्रहातील ६२ वस्तू कॅनडाच्या बिशपांकडे सोपविल्या.