रूपांतरित रिव्हॉल्व्हर व त्यांचा संग्रह

टोपीवर उडणारे जुने रिव्हॉल्व्हर धातूच्या काडतुसावर चालेल असे बदलून घेतले म्हणजे त्यास रूपांतरित रिव्हॉल्व्हर म्हणतात. मूळ प्रकारात सिलिंडरच्या, म्हणजे फिरत्या नळकांड्याच्या, प्रत्येक घरात दारू व गोळी पुढून ठासत आणि मागील पोकळ खुंटीवर तांब्याची टोपी बसवत. घोडा तिच्यावर आपटला की ठिणगी आत जाई. काडतुसात हे सारे एकत्र आल्याने ते मागून भरण्यासाठी सिलिंडर आरपार पोकळ करणे भाग होते, परंतु त्या रचनेचे रॉलिन व्हाइट याचे १८५५ चे पेटंट स्मिथ अँड वेसनच्या ताब्यात असल्याने १८६९ पर्यंत इतर अमेरिकी कारखानदारांची कोंडी झाली. कोल्ट कंपनीने थुअर याच्या १८६८ च्या पेटंटनुसार काडतूस पुढूनच भरण्याची काहीशी ओढूनताणून केलेली तोड काढली, तर रेमिंग्टनने स्वामित्वशुल्क भरून साडेचार हजारांवर सैनिकी रिव्हॉल्व्हर बदलली. पुढे कोल्टकडे रिचर्ड्स व मेसन यांच्या रूपांतराच्या पद्धती आल्या.

संग्राहक या अमेरिकी नमुन्यांमागे धावत असले, तरी भारताच्या इतिहासाशी ब्युमाँट-ॲडम्सचा संबंध अधिक जवळचा आहे. १८५७ च्या लढ्यात इंग्रज अधिकाऱ्यांनी वापरलेले हे टोपीचे रिव्हॉल्व्हर १८६८ मध्ये जॉन ॲडम्सच्या पद्धतीने .४५० काडतुसासाठी बदलण्यात आले; त्यासाठी नवे सिलिंडर, काडतूस भरण्याची झडप आणि काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर ढकलणारी दांडी बसविली गेली.

परीक्षणात कारखान्यातील रूपांतर व नंतरची कारागिरी यांतील भेद निर्णायक ठरतो. क्रमांक, चाचणीचे शिक्के आणि जोडकामाच्या खुणा ताडून पाहाव्या लागतात. या खुणा पुसणारे चकचकीत पॉलिश हा बहुधा दोषच होय.

अमेरिकेत १८९८ पर्यंतची अग्निशस्त्रे सामान्यतः पुरातन मानून संघीय परवाना-नियमांतून वगळली जातात. भारतात केवळ वयामुळे सूट मिळत नाही. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ४५ नुसार कालबाह्य, पुरातन किंवा नादुरुस्त शस्त्र दुरुस्तीनंतरही अग्निशस्त्र म्हणून वापरता येण्याजोगे नसेल, तरच ते अधिनियमाबाहेर राहते. त्यामुळे काडतूस उडवू शकणारे रूपांतर दीडशे वर्षांचे असले तरी त्यास परवाना लागतो. २०१९ च्या दुरुस्तीने एका व्यक्तीजवळील अग्निशस्त्रांची मर्यादा सर्वसाधारणपणे तीनवरून दोनवर आल्याने खाजगी संग्रहास फारसा वाव उरलेला नाही. शंभर वर्षांवरील वस्तूंना पुरावशेष व कलानिधी अधिनियम, १९७२ लागू होत असल्याने त्यांची खाजगी निर्यातही करता येत नाही.

खाजगी संग्रह कठीण असला, तरी सांगली जिल्ह्यातील कडेगाव परिसरातील अभ्यासकास जुन्या शस्त्रांसाठी सातारा व कोल्हापूर येथील वस्तुसंग्रहालयांचा आधार आहे. घरात वारशाने आलेले शस्त्र परवान्याअभावी बाळगणे बेकायदेशीर ठरत असेल, तर कलम २१ नुसार ते विनाविलंब जवळच्या पोलीस ठाण्यात किंवा विहित अटींवर परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते.