हिशेब लिहिणारीचा मान



बैठक, बचत, कर्जवाटप आणि परतफेड ही आपल्या पंचसूत्रीतली चार सूत्रं. पाचवं सूत्र म्हणजे हिशेब. आज वह्या कशा भरायच्या हे मी सांगणार नाही. हिशेबाला विद्येचा मान मिळावा म्हणून ज्यांनी आयुष्य घालवलं, त्या एका प्राध्यापकांची गोष्ट सांगणार आहे. कारण सचिव निवडायची वेळ आली की आपल्या माना खाली जातात. "लिहायचं काय, एखाद्या शिकलेल्या पोरीला द्या," असं म्हणून आपण मोकळ्या होतो. लिहिण्याचं काम बिनमोलाचं आहे, असं आपल्याला वाटतं.

असं वाटणाऱ्या आपण काही पहिल्या नाही.

हेन्री रँड हॅटफिल्ड यांचा जन्म १८६६ साली अमेरिकेतल्या शिकागो शहरात झाला. वडील ख्रिस्ती धर्मोपदेशक होते. हेन्री यांचं कॉलेज मध्येच सुटलं. काही वर्षं त्यांनी कर्जरोख्यांच्या व्यवसायात नोकरी केली, मग पुन्हा शिकायला गेले. १८९२ साली बी.ए. झाले आणि १८९७ साली शिकागो विद्यापीठाची डॉक्टरेट मिळवली. शिक्षण मध्ये सुटलं म्हणजे संपलं असं नाही, हे आपल्या गटांतल्या मुक्त विद्यापीठात शिकणाऱ्या जणींना सांगायला नको.

त्या काळी हिशेब शिकायचा तो पेढीवर, कचेरीत, नाहीतर खासगी वर्गात. विद्यापीठात तत्त्वज्ञान, गणित, ग्रीक, लॅटिन शिकवायचे. जमाखर्चाला तिथे फारशी जागा नव्हती. १८९८ साली कॅलिफोर्निया विद्यापीठात वाणिज्य महाविद्यालय निघालं, ते एका बाईच्या दानातून. कोरा जेन फ्लड यांनी विद्यापीठाला मोठी मालमत्ता दिली आणि तिचं उत्पन्न व्यापाराच्या शिक्षणासाठी वापरावं असं सुचवलं. तिथेच, बर्कली गावी, १९०४ साली हॅटफिल्ड हिशेबशास्त्र शिकवायला आले. १९०९ साली ते त्या महाविद्यालयाचे डीन, म्हणजे अधिष्ठाता झाले आणि दहा वर्षांहून जास्त काळ त्यांनी ते पद सांभाळलं. १९३७ साली ते निवृत्त झाले.

डीन झाले त्याच वर्षी त्यांचं हिशेबशास्त्रावरचं पुस्तक आलं. त्यातला एक विषय आपल्या कामाचा आहे, तो म्हणजे घसारा. तेव्हा अनेक कंपन्या चांगल्या वर्षी यंत्राची झीज खर्चात धरायच्या आणि वाईट वर्षी सोडून द्यायच्या. म्हणजे नफा हवा तसा दिसायचा. हॅटफिल्ड यांचं म्हणणं असं, की नफा होवो वा तोटा, यंत्र झिजतंच, म्हणून झीज दरवर्षी धरलीच पाहिजे. आता आपल्याकडे पाहा. समजा, गटाने ६०,००० रुपयांची पिठाची गिरणी घेतली आणि ती दहा वर्षं चालणार आहे. मग दरवर्षी ६,००० रुपये झिजेचे. ते न धरता सगळी शिल्लक वाटून घेतली, तर अकराव्या वर्षी नवी गिरणी कशातून घेणार? आपण नफा वाटला असं समजतो, पण खरं तर गिरणीच वाटून खाल्लेली असते.

आता मानाची गोष्ट. १९२३ च्या डिसेंबरात विद्यापीठांतले हिशेबाचे शिक्षक एकत्र जमले होते. तिथे हॅटफिल्ड यांनी भाषण केलं. विद्यापीठातले इतर प्राध्यापक आपल्याला कमी लेखतात, हे त्यांनी उघड बोलून दाखवलं. पण रडगाणं न गाता त्यांनी हिशेबाचं घराणं उलगडून दाखवलं.

त्या घराण्याचे मूळपुरुष म्हणजे इटलीतले लुका पाचोली. ते संन्यासी होते आणि गणिताचे शिक्षकही. चित्रकार लिओनार्दो दा विंची त्यांचे स्नेही. १४९४ साली व्हेनिस शहरात पाचोलींचा गणितावरचा मोठा ग्रंथ छापला गेला. त्यात त्यांनी व्यापाऱ्यांची दुहेरी नोंदीची पद्धत समजावून सांगितली. ही पद्धत काही त्यांनी शोधली नव्हती. व्यापारी ती आधीपासून वापरत होते, पाचोलींनी ती नीट मांडली. गटाने एका ताईला ५,००० रुपये कर्ज दिलं, तर रोकड ५,००० ने घटते आणि ताईकडून येणं ५,००० ने वाढतं. दोन्हीकडे लिहिलं की एका बाजूची चूक दुसरी बाजू पकडून देते.

पाचोलींनी तीन वह्या सांगितल्या. पहिली रोजच्या टिपणाची कच्ची वही, दुसरी किर्द, तिसरी खतावणी. मला सगळ्यात आवडलेली गोष्ट पुढे आहे. कच्च्या वहीत कोणी लिहावं? मालक नसेल तेव्हा घरातल्या इतरांनी लिहावं, आणि लिहिता येत असेल तर बायकांनीही, असं त्यांनी नोंदवलं आहे. पाचशे वर्षांपूर्वीच्या त्या ग्रंथातही आपल्याला जागा होती! काही लोक विकणाऱ्याला एक आणि घेणाऱ्याला दुसरी वही दाखवतात, असा इशाराही त्यात आहे. लबाडीही तेवढीच जुनी आहे म्हणायची.

म्हणून मैत्रिणींनो, वही भरणं हे हलकं काम नाही. बँकेचा साहेब आपल्याला ओळखत नाही, तो आपली वही ओळखतो. दोघींत पैशावरून वाद झाला, तर आवाज चढवून निकाल लागत नाही, नोंद काढून लागतो. आणि नोंदच नसेल तर गट फुटतो.

या महिन्याच्या बैठकीत तीन गोष्टी करा. जमाखर्च सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायला लावा. जिला वाचता येत नाही, तिनेही आपली बचत किती आणि कर्ज किती हे विचारायचंच. लिहिणाऱ्या ताईच्या शेजारी आणखी एकीला शिकायला बसवा, म्हणजे उद्या ती बाळंतपणाला माहेरी गेली तरी वही थांबणार नाही. आणि लिहिणारीला थोडं का होईना, मानधन ठरवा. तेही वहीत लिहा.

पुढच्या भागात भेटू. नमस्कार.