देवभात: न पेरता उगवणारे धान्य

ऋषिपंचमी जवळ आली की मधुमेहाचे रुग्ण विचारतात, "डॉक्टर, देवभाताने साखर वाढत नाही ना?" उत्तराआधी या धान्याचा इतिहास थोडा पाहू.

देवभात म्हणजे तळ्याकाठी, दलदलीत आपोआप उगवणारा रानभात. संस्कृतात याला नीवार म्हणतात. दाण्याला लांब कूस असते आणि आतला तांदूळ तांबूस असतो. पिकताच दाणे चिखलात गळतात, म्हणून गोळा करणाऱ्याच्या हाती थोडेच लागतात.

नांगराशिवाय येणारे म्हणून हे ऋषींचे अन्न. कालिदासाच्या 'शाकुंतला'त झाडाखाली सांडलेले नीवाराचे दाणे पाहूनच दुष्यंत आश्रम जवळ आल्याचे ओळखतो. चरकसंहितेत नीवार सावा-कोद्रूसारख्या हलक्या, थंड धान्यांबरोबर येतो. ऋषिपंचमीला बैलाच्या कष्टाचे खायचे नाही, हा बायकांचा नेमही याच विचाराचा. वरवंडसारख्या कमी पावसाच्या, ज्वारी-बाजरीच्या पट्ट्यात त्या दिवशी कुणाच्या ताटात देवभात असतो, कुणाच्या वरई.

या गवताचे मोठे उपकार मात्र अलीकडचे आहेत. १९७०च्या दशकात तुडतुड्यांमुळे पसरणाऱ्या 'ग्रासी स्टंट' या विषाणूने आशियातील भातशेती धोक्यात आली. फिलिपिन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेने ६,००० हून अधिक नमुने तपासले. खात्रीची प्रतिकारशक्ती सापडली ती उत्तर प्रदेशातून गोळा केलेल्या नीवारात. तो गुण पेरणीच्या भातात आणला गेला आणि १९७६ मध्ये आलेला 'आयआर-३६' हा वाण अनेक देशांत पिकला. ज्याला शेतकरी तण म्हणून उपटतो, त्यानेच शेतातला भात वाचवला.

आता तुमच्या प्रश्नाचे उत्तर. देवभात पवित्र असला तरी तो तांदूळच आहे. कोंडा राहिल्यास तंतू जास्त मिळतात, पण पिष्टमय पदार्थ असतातच आणि साखर वाढतेच. वरईचेही तसेच. म्हणून वाटी मोजून घ्या, सोबत ऋषीची भाजी भरपूर खा. इन्सुलिन किंवा मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील, तर दिवसभर उपाशी राहू नका. डोस आधी डॉक्टरांना विचारा. घाम, थरथर, चक्कर जाणवली तर लगेच साखर खा. नेम पुढच्या वर्षीही करता येईल. आणि सांडपाणी येणाऱ्या डबक्यातले किंवा बुरशी आलेले दाणे मुळीच वापरू नका.