केस, कार्ल

केस, कार्ल : (५ नोव्हेंबर १९४६–१५ जुलै २०१६). घरांच्या किमतींचा अभ्यास करणारे अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ. जन्म न्यूयॉर्क येथे. ओहायोतील मायामी विद्यापीठाची पदवी १९६८ मध्ये घेऊन ते सैन्यात गेले, व्हिएतनाममध्येही होते. हार्वर्डमधून पीएच.डी. मिळवल्यावर १९७६ मध्ये ते मॅसॅचुसेट्समधील वेलस्ली या महिला महाविद्यालयात रुजू झाले आणि २०१० मध्ये तेथूनच निवृत्त झाले.

त्यांच्या कामाला दिशा मिळाली ती बॉस्टनमधल्या भाववाढीमुळे. उत्पन्न, रोजगार, व्याजदर, बांधकामखर्च यांचा हिशेब धरता घरे सुमारे १५ टक्क्यांनी महागायला हवी होती. १९८८ मध्ये तेजी ओसरेपर्यंत वाढ १४० टक्क्यांपलीकडे गेली. ही वाढ केवळ अशा कारणांनी समजते का, हा प्रश्न केस यांनी १९८६ च्या निबंधातच उपस्थित केला होता.

त्यासाठी आधी भाव नीट मोजायला हवा होता. एखाद्या वर्षी मोठी घरे जास्त विकली गेली, तर एकही घर न महागता सरासरी किंमत वर जाते. म्हणून येल विद्यापीठातील रॉबर्ट शिलर यांच्यासह त्यांनी एकाच घराच्या दोन वेळच्या विक्रीकिमती जोडीने घेतल्या. ही रीत बेली, म्यूथ आणि नूर्स यांनी १९६३ मध्येच मांडली होती. केस व शिलर यांनी तिच्यात सुधारणा केली : दोन विक्रींमधला काळ जितका लांब, तितके त्या जोडीला वजन कमी. १९८७ मध्ये अटलांटा, शिकागो, डॅलस आणि सॅन फ्रान्सिस्को या शहरांचे घरांच्या किमतींचे निर्देशांक प्रसिद्ध झाले. पुढे १९९१ मध्ये अ‍ॅलन वाइस यांच्यासह दोघांनी असे निर्देशांक तयार करणारी कंपनी काढली. २००६ पासून या निर्देशांकांवर शिकागोच्या बाजारात वायदेही होऊ लागले.

निर्देशांकाने केस यांना नाव दिले, पण १९८८ ची त्यांची पाहणी त्याहून मोलाची मानावी लागेल. नुकतेच घर घेतलेल्यांना प्रश्नावली पाठवून भाव किती वाढतील असे वाटते, हे केस व शिलर यांनी थेट विचारले. तेजीतल्या कॅलिफोर्नियातील खरेदीदारांच्या अपेक्षा भरमसाट होत्या. शांत बाजाराच्या मिलवॉकीत त्या बेताच्या. गिऱ्हाइकाच्या मनातली आशाच किमतीला रेटते, हे त्यातून पुढे आले. २००३ मध्ये त्यांनी अशीच पाहणी पुन्हा केली.

जॉन क्विग्ली व शिलर यांच्यासह २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या निबंधात त्यांनी दाखवले, की शेअरपेक्षा घराची किंमत वाढल्याचा परिणाम कुटुंबाच्या खर्चावर अधिक होतो. रे फेअर यांच्यासह लिहिलेले त्यांचे ‘प्रिन्सिपल्स ऑफ इकॉनॉमिक्स’ हे पाठ्यपुस्तक अनेक आवृत्त्यांतून निघाले. वेलस्ली येथे त्यांचे निधन झाले.