न उघडता वाचलेलं यंत्र

तांब्याची भांडी काळी पडली की आपण चिंच लावून लखलखीत करतो. पण वस्तू दोन हजार वर्षं समुद्रात पडलेली असेल, तर हा उपाय तिचा जीव घेईल. कारण धातू बराचसा संपलेला असतो. वर चढलेला हिरवट थर हीच आता ती वस्तू असते.

आजची गोष्ट ग्रीसची. १९०० मध्ये अँटिकिथेरा बेटाजवळ स्पंज काढणाऱ्या पाणबुड्यांना एक बुडालेलं जहाज सापडलं. त्यातून पुतळ्यांसोबत ब्राँझचा एक ओबडधोबड गोळाही वर आला. १९०२ मध्ये कुणाच्या तरी लक्षात आलं, अरे, यात दातेरी चाक आहे! आज त्याचे ८२ तुकडे अथेन्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात आहेत.

आत काय आहे हे बघायचं कसं? फोडलं तर संपलं. साध्या एक्स-रेमध्ये एकावर एक बसलेल्या चाकांच्या सावल्या मिसळतात. म्हणून २००५ मध्ये सीटी स्कॅन झाला. तुकडे इतके नाजूक, की ते मशीनकडे गेले नाहीत. कित्येक टनांचं, ४५० किलोव्होल्टचं मशीनच इंग्लंडहून संग्रहालयात आलं. तुकडा हळूहळू फिरवत भरपूर एक्स-रे फोटो काढायचे, मग कॉम्प्युटर त्यातून थ्रीडी मॉडेल उभं करतो. त्यानंतर स्क्रीनवर हवा तिथे काप घ्या, तुकड्याला ओरखडाही नाही. चालू सर्व्हरला हात न लावता फक्त लॉग वाचावेत, तसंच हे. म्हणून मला ही पद्धत भारी आवडते.

हाती काय लागलं? एकूण ३० चाकं. एक चाक अर्धवट उरलं होतं, पण शिल्लक दात मोजून, कोन मापून उत्तर आलं: २२३ दात. आणि २२३ चांद्रमासांनी, म्हणजे साधारण १८ वर्षं ११ दिवसांनी, ग्रहणांचा क्रम पुन्हा येतो. म्हणजे हे यंत्र ग्रहणांचा अंदाज सांगायचं! वाचता आलेला मजकूरही जवळपास दुप्पट झाला. काही अक्षरांचा तर धातूच उरला नव्हता. त्यांचा उलटा ठसा त्या थरात राहिला होता. तो थर कुणी घासून काढला असता, तर ती अक्षरंही गेली असती.

पण स्कॅन केला म्हणून झीज थांबत नाही. वस्तूला नियंत्रित हवा लागतेच. फायदा इतकाच, की पुढच्या प्रश्नासाठी तिला पुन्हा हात लावावा लागत नाही. फक्त त्या फाइल्स पन्नास वर्षांनीही उघडायला हव्यात, आणि ती जबाबदारी आपल्यासारख्या कोड लिहिणाऱ्यांची.

तुमच्या देवघरात एखादं जुनं, अक्षरं कोरलेलं ताम्हन असेल, तर घासण्याआधी निदान एक फोटो काढून ठेवा. भेटू पुढच्या एपिसोडमध्ये!