इंटरकूलर जलफवारा स्वयंचलन

इंटरकूलर जलफवारा स्वयंचलन म्हणजे टर्बोचार्जर असलेल्या मोटारगाडीच्या इंटरकूलरवर बाहेरून पाणी फवारणाऱ्या यंत्रणेचे नियंत्रण चालकाच्या हाती न ठेवता संवेदक व नियंत्रक यांच्याकडे सोपवण्याची पद्धत होय. फवाऱ्याचे पाणी इंटरकूलरच्या पृष्ठभागावर बाष्पीभूत होते, त्यासाठी लागणारी उष्णता इंटरकूलरमधून शोषली जाते आणि इंजिनात जाणारी हवा अधिक थंड होते. गाडीत वाहून नेता येणारे पाणी मर्यादित असते. त्यामुळे पाणी केव्हा, किती वेळ आणि कोणत्या हवामानात फवारायचे याचा निर्णय हा या यंत्रणेतील सर्वांत महत्त्वाचा भाग ठरतो.

पार्श्वभूमी

स्विस अभियंता आल्फ्रेड ब्युखी यांनी १९०५ मध्ये टर्बोचार्जरच्या मूळ कल्पनेचे पेटंट घेतले. टर्बोचार्जर हा इंजिनातून बाहेर पडणाऱ्या वायूंच्या ऊर्जेवर फिरतो आणि आत येणारी हवा दाबून इंजिनाला पुरवतो. हवा दाबली की ती तापते. उदाहरणार्थ, ३५ अंश सेल्सिअस तापमानाची हवा १.८ पट दाबली आणि दाबयंत्राची कार्यक्षमता ७० टक्के धरली, तर बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान सुमारे ११५ अंश होते.

तापलेल्या हवेची घनता कमी असल्याने सिलिंडरमध्ये कमी प्राणवायू पोहोचतो. पेट्रोल इंजिनात यामुळे नॉकिंगचा, म्हणजे इंधनमिश्रण अवेळी व अनियंत्रितपणे पेटण्याचा धोकाही वाढतो. आधुनिक इंजिनाचा संगणक नॉकिंग टाळण्यासाठी ठिणगीची वेळ मागे घेतो आणि त्यामुळे शक्ती घटते. हे टाळण्यासाठी टर्बोचार्जर व इंजिन यांच्या दरम्यान इंटरकूलर बसवतात. ७० टक्के परिणामकारकता असलेला इंटरकूलर वरील उदाहरणातील हवा ११५ अंशांवरून सुमारे ५९ अंशांपर्यंत थंड करतो. या पातळीवर हवा आणखी १० अंशांनी थंड झाली, तर तिची घनता सुमारे ३ टक्क्यांनी वाढते.

इंटरकूलरचे दोन मुख्य प्रकार आहेत. पहिल्यात दाबलेली हवा थेट बाहेरच्या वाऱ्याने थंड होते. दुसऱ्यात ती आधी द्रवाने थंड होते व तो द्रव वेगळ्या रेडिएटरमध्ये थंड केला जातो. जलफवारा मुख्यतः पहिल्या प्रकारासाठी उपयोगी आहे. दुसऱ्या प्रकारात इंटरकूलर अनेकदा इंजिनाच्या प्रवेशनलिकेतच बसवलेला असतो, त्यामुळे पाणी फवारायचे झाल्यास ते त्याच्या रेडिएटरवर फवारावे लागते.

कार्यतत्त्व

माठातील पाणी थंड होणे, उन्हाळ्यात खिडकीवर वाळ्याचे ओले पडदे लावणे किंवा घरगुती कूलर चालवणे या सर्वांमागील तत्त्वच येथे वापरले जाते. ३० अंश तापमानाचे एक किलोग्रॅम पाणी ६० अंशांपर्यंत तापवण्यास सुमारे १२५ किलोज्यूल उष्णता लागते. मात्र तेवढेच पाणी बाष्पीभूत होण्यास सुमारे २,४०० किलोज्यूल लागतात. म्हणून इंटरकूलरवरून ओघळून जाणारे पाणी जवळजवळ वाया जाते. उपयोग होतो तो पत्र्यांवर पातळ थराने पसरून तेथेच वाफ होणाऱ्या पाण्याचा.

दोन लिटर क्षमतेच्या इंजिनात पूर्ण भारावर सेकंदाला सुमारे ०.१५ किलोग्रॅम हवा जाते असे धरल्यास, ती ५६ अंशांनी थंड करताना इंटरकूलरला सुमारे साडेआठ किलोवॉट दराने उष्णता बाहेर टाकावी लागते. मिनिटाला २०० मिलिलिटर पाणी पूर्णपणे बाष्पीभूत झाले, तर ते सुमारे ८ किलोवॉट उष्णता शोषू शकते. प्रत्यक्षात पाण्याचा बराच भाग थेंबांच्या रूपात वाऱ्याबरोबर निघून जातो. तरीही थोड्या पाण्याने मोठा परिणाम का साधतो, हे या तुलनेतून स्पष्ट होते.

रचना

साध्या जलफवारा यंत्रणेत पाण्याची टाकी, १२ व्होल्टचा पंप, गाळणी, एकदिशा झडप, नळी आणि एक किंवा अधिक फवारातोंडे असतात. पंप म्हणून पुष्कळदा समोरची काच धुण्याच्या यंत्रणेतील पंपच वापरला जातो. असे पंप सतत चालण्यासाठी बनवलेले नसतात आणि पाण्याविना चालल्यास लवकर खराब होतात. फवारातोंडातून निघणारे थेंब जितके बारीक, तितके बाष्पीभवन जलद होते. मात्र फार बारीक थेंब वाऱ्याने उडून इंटरकूलरला चुकवतात. म्हणून फवारातोंडाची जागा व कोन प्रत्यक्ष वाऱ्याच्या प्रवाहात तपासून ठरवावे लागतात.

कारखान्यातूनच अशी यंत्रणा बसवलेल्या गाड्यांमध्ये सुबारू इंप्रेझा डब्ल्यूआरएक्स एसटीआय व मित्सुबिशी लान्सर इव्होल्यूशन यांच्या काही आवृत्त्या प्रसिद्ध आहेत. या दोन्ही गाड्यांचा विकास रॅली शर्यतींशी निगडित होता. त्यांच्या काही आवृत्त्यांत चालकाने बटण दाबून फवारा सुरू करण्याची सोय होती.

स्वयंचलनाची गरज

हाताने चालवल्या जाणाऱ्या फवाऱ्यात दोन दोष संभवतात. चढावर किंवा वळणावर चालकाचे लक्ष रस्त्यावर असते आणि नेमक्या गरजेच्या वेळी बटण दाबायचे राहून जाते. दुसरीकडे, गरज नसताना फवारा चालू राहिल्याने टाकी लवकर रिकामी होते. मिनिटाला २०० मिलिलिटर पाणी सोडणाऱ्या फवाऱ्याने चार लिटरची टाकी २० मिनिटांत संपते. तोच फवारा प्रत्येक सहा सेकंदांपैकी एक सेकंद चालवला, तर तेवढे पाणी दोन तास पुरते.

वेग घेताना किंवा दुसऱ्या वाहनाला मागे टाकताना काही सेकंद दाब वाढला, तर फवाऱ्याची सहसा गरज नसते. चार किलोग्रॅम वजनाच्या ॲल्युमिनियमच्या इंटरकूलरचे तापमान एका अंशाने वाढण्यास सुमारे ३.६ किलोज्यूल उष्णता लागते. साडेआठ किलोवॉटचा भार दहा सेकंद राहिला आणि वाऱ्याने काहीच उष्णता नेली नाही असे मानले, तरी त्याचे तापमान फार तर २३ ते २४ अंशांनी वाढेल. अल्पकाळ वाढलेली उष्णता धातूच सामावून घेतो व नंतर वाऱ्याला देतो. फवारा खरोखर लागतो तो भार दीर्घकाळ टिकतो व वारा अपुरा पडतो तेव्हा.

घाटरस्ता हे याचे ठळक उदाहरण आहे. गुहागर–चिपळूण–कराड मार्गावरील कुंभार्ली घाट चढताना गाडीचा वेग कमी, इंजिनावरील भार जास्त आणि इंटरकूलरमधून जाणारा वारा थोडा, अशी स्थिती बराच वेळ राहते.

स्वयंचलनाचे प्रकार

१. दाबचलित स्विच : प्रवेशनलिकेतील दाब ठराविक मर्यादेपलीकडे गेला की पंप सुरू होतो. रचना सोपी असते. पण इंटरकूलर थंड असतानाही पाणी खर्च होते.

२. तापमानचलित स्विच : इंटरकूलरवर बसवलेला स्विच ठरावीक तापमानाला पंप सुरू करतो. पाण्याची बचत होते. पण गाडी रहदारीत उभी असतानाही, म्हणजे इंजिनावर भार नसताना, फवारा चालू राहू शकतो.

३. एकत्रित स्विच : दाब व तापमान यांचे स्विच एकाच मालिकेत जोडल्याने दोन्ही अटी पूर्ण झाल्यावरच पंप चालतो. कमी खर्चात बरीच अचूकता साधणारी ही रचना आहे.

४. मायक्रोकंट्रोलर-आधारित नियंत्रण : अनेक संवेदकांचे वाचन घेऊन फवाऱ्याचा कालावधी व मधला विराम बदलता ठेवला जातो. पंप रिले किंवा ट्रान्झिस्टरद्वारे चालवतात. पंप बंद होताना निर्माण होणाऱ्या उलट्या व्होल्टतेपासून परिपथाचे रक्षण करण्यासाठी पंपाला समांतर डायोड जोडतात.

नियंत्रणाचे निकष

मायक्रोकंट्रोलरच्या आज्ञावलीत साधारणपणे पुढील बाबींचा विचार केला जातो.

• तापमानातील फरक : केवळ इंटरकूलरनंतरच्या हवेचे तापमान न पाहता ते बाहेरच्या हवेपेक्षा किती जास्त आहे हे मोजतात. हा फरक १५ अंशांहून अधिक झाल्यास फवारा सुरू व १० अंशांखाली आल्यास बंद, अशा दोन वेगळ्या मर्यादा ठेवतात. एकच मर्यादा ठेवली तर पंप सतत चालू-बंद होत राहतो.

• भाराचा कालावधी : दाब काही सेकंद टिकला तरच फवारा सुरू होतो.

• विराम : एका फवाऱ्याचे पाणी वाफ होईपर्यंत पुढचा फवारा रोखला जातो. तापमान वाढत राहिल्यास विराम कमी केला जातो.

• पाण्याची पातळी : टाकीतील तरंगता स्विच पाणी संपत आल्याची सूचना देतो आणि पंप थांबवतो.

• पाऊस : इंटरकूलर पावसाने भिजत असल्यास फवारा अनावश्यक ठरतो. काच पुसणारे वायपर चालू असल्याची खूण यासाठी वापरता येते.

• संवेदकातील बिघाड : तापमान वाढल्यावर रोध कमी होणाऱ्या थर्मिस्टरची तार तुटल्यास नियंत्रकाला इंटरकूलर अतिशय थंड असल्याचे भासते आणि फवारा कधीच सुरू होत नाही. तारा एकमेकींना चिकटल्यास उलट घडते व पाणी सतत वाहते. म्हणून अशक्य वाटणारे वाचन आल्यास पंप बंद करून चालकासमोर दिवा लावण्याची तरतूद आवश्यक असते.

हवामानाचा परिणाम

बाष्पीभवनाने हवा किती थंड होऊ शकते याची मर्यादा ओल्या फुग्याच्या तापमानाने ठरते. तापमापकाच्या फुग्याला ओले कापड गुंडाळून त्यावर वारा सोडला असता तो जे तापमान दाखवतो, त्याला ओल्या फुग्याचे तापमान म्हणतात. हवा जितकी दमट, तितके ते हवेच्या तापमानाच्या जवळ असते.

रत्नागिरी जिल्ह्याच्या गुहागर तालुक्यातील वेळणेश्वर हे गाव समुद्रकिनारी आहे. उन्हाळ्यात तेथे हवा ३३ अंश व सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के आहे असे उदाहरणादाखल मानल्यास ओल्या फुग्याचे तापमान सुमारे २७.५ अंश येते. म्हणजे फरक साडेपाच अंशांचा असतो. पावसाळ्यात ३० अंश व ८५ टक्के आर्द्रता मानल्यास तो फरक केवळ २ अंशांवर येतो. याउलट घाटापलीकडे कराडच्या बाजूला उन्हाळ्याच्या दुपारी ३८ अंश व २० टक्के आर्द्रता मानल्यास ओल्या फुग्याचे तापमान सुमारे २१ अंश येते आणि फरक १७ अंशांचा होतो. कराडची हवा वेळणेश्वरच्या हवेपेक्षा गरम असूनही तेथे पाण्याने अधिक खालचे तापमान गाठता येते.

यावरून किनाऱ्यावर फवारा निरुपयोगी आहे असे मात्र ठरत नाही. तापलेल्या पत्र्यावरील पाण्याच्या बाष्पीभवनाचा वेग पत्र्याच्या तापमानावरही अवलंबून असतो. ६० अंशांवर पाण्याचा बाष्पदाब सुमारे २० किलोपास्कल असतो, तर वेळणेश्वरच्या वरील उदाहरणातील हवेत तो साधारण ३.३ किलोपास्कल असतो. त्यामुळे दमट हवेतही गरम पृष्ठभागावर बाष्पीभवन चालू राहते. मात्र पत्रे थंड होत गेले की ते लवकर मंदावते आणि त्यानंतर सोडलेले पाणी ओघळून जाते. म्हणून दमट प्रदेशात दोन फवाऱ्यांमधील विराम मोठा ठेवणे योग्य ठरते. घाट ओलांडून जाणाऱ्या गाडीला एकाच प्रवासात दोन्ही प्रकारचे हवामान मिळते. अशा वेळी ठरावीक वेळापत्रकापेक्षा तापमान पाहून चालणारे नियंत्रण अधिक उपयुक्त असते.

पाण्याची गुणवत्ता व देखभाल

कठीण पाण्यातील क्षार वाफ झाल्यानंतर इंटरकूलरच्या पत्र्यांवर साचतात. हा थर उष्णतेच्या वहनास अडथळा करतो आणि फवारातोंडाची बारीक छिद्रेही बुजवतो. किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी उन्हाळ्यात मचूळ होते. अशा पाण्यातील क्लोराइडमुळे ॲल्युमिनियमवर खड्डे पडून ते गंजते. खाऱ्या वाऱ्यामुळे किनारी भागात हा धोका आधीच अधिक असतो. म्हणून ऊर्ध्वपातित पाणी किंवा स्वच्छ साठवलेले पावसाचे पाणी वापरणे श्रेयस्कर असते. टाकीत शेवाळ धरू नये यासाठी ती अपारदर्शक ठेवतात व ठरावीक काळाने धुतात.

मर्यादा व सुरक्षितता

जलफवारा लहान किंवा चुकीच्या जागी बसवलेल्या इंटरकूलरचा पर्याय ठरत नाही. सर्वांत गंभीर धोका इंजिनाची जुळणी फवाऱ्याच्या भरवशावर केल्यास उद्भवतो. टर्बोचा दाब वाढवून व ठिणगीची वेळ पुढे घेऊन केलेली जुळणी पाणी असेपर्यंत सुरक्षित वाटते. परंतु चढाच्या मध्यावर टाकी रिकामी झाली तर नॉकिंगमुळे पिस्टनचे नुकसान होऊ शकते. म्हणून पाण्याविनाही इंजिन सुरक्षित राहील अशीच जुळणी असावी आणि फवारा हा केवळ अतिरिक्त लाभ मानावा, हे या यंत्रणेचे मूलभूत तत्त्व मानले जाते.

फवाऱ्याचे पाणी तापलेल्या टर्बोचार्जरवर, पट्ट्यांवर किंवा विजेच्या जोडण्यांवर पडू नये याची दक्षता घ्यावी लागते. पंपाच्या वीजपुरवठ्यात योग्य क्षमतेचा फ्यूज असणे आवश्यक असते.

भारतात मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील उत्पादकाच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असे बदल वाहनमालकाला करता येत नाहीत. त्यामुळे गाडीत कोणताही बदल करण्यापूर्वी त्याची वैधता व हमीवरील परिणाम तपासणे गरजेचे असते.

संबंधित तंत्रे

जलफवारा व जलअंतःक्षेपण यांत अनेकदा गल्लत होते. जलफवाऱ्यात पाणी इंटरकूलरच्या बाहेरच राहते, तर जलअंतःक्षेपणात ते इंजिनात जाणाऱ्या हवेतच मिसळले जाते. १९६२ च्या ओल्ड्समोबिल जेटफायर या टर्बोचार्जर असलेल्या अमेरिकी गाडीत पाणी व मिथेनॉल यांचे मिश्रण आत सोडले जात असे. बीएमडब्ल्यू एम४ जीटीएस या अलीकडच्या गाडीतही जलअंतःक्षेपण वापरले गेले. या तंत्रात पाणी थेट ज्वलनावर परिणाम करते, म्हणून त्याचे नियंत्रण अधिक काटेकोर असावे लागते.

हे सुद्धा पहा

• टर्बोचार्जर
• बाष्पीभवन
• सापेक्ष आर्द्रता
• मायक्रोकंट्रोलर
• कुंभार्ली घाट
• वेळणेश्वर