सेवाग्रामचं टपाल

30 एप्रिल 1936 रोजी गांधीजी वर्ध्यापासून आठ किलोमीटरवरच्या सेगावात राहायला गेले आणि टपालाचा ओघही त्यांच्यामागे त्या आडगावात पोचला. कुणी सल्ला मागे, कुणी आहाराच्या शंका विचारी, कुणी गांधीजींच्या ‘हरिजन’ साप्ताहिकातल्या लेखावर हरकत घेई. शिव्यांची पत्रंही असत.

घोळ पत्त्यापासूनच होता. गजानन महाराजांचं शेगाव बुलढाणा जिल्ह्यात, रेल्वेमार्गावर. सेगावची पत्रं तिकडे जाऊ लागली. शेवटी 1940 मध्ये गावाचंच नाव सेवाग्राम झालं.

सुरुवातीला गांधीजींचे सचिव महादेवभाई देसाई यांचा मुक्काम वर्ध्यात, मगनवाडीत होता. वर्ध्याच्या उन्हाळ्यातही ते कागदपत्रं घेऊन रोज पायी सेगावला जात आणि परतत. जाऊन-येऊन अकरा मैल. आश्रमात कागदाचा कपटाही वाया जात नसे. आलेली पाकिटं उसवायची आणि आतल्या कोऱ्या बाजूवर मजकूर लिहायचा, हा शिरस्ता. उजवा हात दुखू लागला की गांधीजी डाव्या हातानं लिहीत.

एकट्याच्या अडचणीला पोस्टकार्ड पुरे होई. अनेकांना पडणारा प्रश्न मात्र ‘हरिजन’च्या प्रश्नोत्तरांच्या सदरात जाई. तिथं पत्रलेखकाचं नाव बहुधा गळे, प्रश्न चार ओळींत येई आणि खाली उत्तर छापलं जाई. जाहिरातींना या साप्ताहिकात थारा नव्हता.

विरोधकांना मात्र होता. डॉ. आंबेडकरांच्या ‘अ‍ॅनिहिलेशन ऑफ कास्ट’वर गांधीजींनी जुलै 1936 मध्ये ‘हरिजन’मध्ये टीका केली. लाहोरच्या जातपात तोडक मंडळाच्या संतरामांनी त्यावर आक्षेपाचं पत्र पाठवलं. 15 ऑगस्टच्या अंकात गांधीजींनी ते छापलं आणि त्याला जोडून आपलं उत्तर दिलं. आंबेडकरांनी 1937 च्या आवृत्तीत गांधीजींची टीका घेतलीच, शिवाय तिचा खणखणीत समाचारही घेतला. वाद आजही त्याच कागदांवरून चालतो.

पत्रांतलं काय छापायचं हे सेवाग्राम ठरवी, तोवर ठीक होतं. 1940 च्या ऑक्टोबरात विनोबांनी पवनारहून वैयक्तिक सत्याग्रह सुरू केला आणि सत्याग्रहाच्या बातम्या आधी दाखवून मंजूर करून घ्याव्यात, असं सरकारनं बजावलं. गांधीजींनी मंजुरी मागण्याऐवजी साप्ताहिकच थांबवलं. ‘हरिजन’ पुन्हा निघाला तो जानेवारी 1942 मध्ये. ऑगस्टमधल्या ‘छोडो भारत’च्या अटकसत्रानंतर तो पुन्हा बंद पडला.